रोजच्या गाडीत रेसिंग सीट : नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

सीटचं काम करताना जे प्रश्न फोनवर, काउंटरवर आणि डोकं डॅशबोर्डखाली असतानासुद्धा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. रेसिंग सीट दिसायला भारी असते, त्यात वाद नाही. वाद आहे तो तिच्यावर बसून वर्धा रोडच्या सिग्नलला, उमरेड रोडच्या खड्ड्यात आणि मे महिन्यातल्या दुपारी काय हाल होतात याचा. आमचं मत आधीच सांगून टाकतो. सीटचा आराम निम्मा तिच्या मापावर आणि निम्मा ती कशी बसवली यावर असतो. फोम किती जाड आहे, हे त्यानंतर बघायचं.

भाऊ, सरळ सांगा. रेसिंग सीट आरामशीर असते का?

मापाची असेल तर असते. लोकांचा विश्वास बसत नाही, पण कडक सीटवर दोन तास बसून उतरलेला माणूस पुष्कळदा मऊ सीटवाल्यापेक्षा ताजा असतो. कारण साधं आहे. मऊ, दबलेल्या सीटवर माकडहाड खाली रुततं, कमरेचा खालचा भाग मागे झुकतो आणि पाठीला पोक येतो. पोक काढून बसलेली पाठ तासाभरात बोलायला लागते. चांगली बकेट सीट, म्हणजे एकाच तुकड्याची रेसिंग सीट, कंबर दोन्ही बाजूंनी धरते, मांड्यांना खालून आधार देते आणि पाठ आहे तिथेच ठेवते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना हा फरक कळतो. वळणावर दाराला गुडघा टेकवून आणि स्टिअरिंगला लटकून स्वतःला सावरायची गरज राहत नाही.

आता दुसरी बाजू. ही सीट बनली आहे एकाच माणसासाठी. तो हेल्मेट घालून एकदा आत बसतो, पट्टे आवळतो आणि काम संपल्यावरच उतरतो. तुम्ही मात्र धरमपेठेत दूध घ्यायला उतरता, मग मुलाला शिकवणीला सोडता, मग पेट्रोल पंपावर खिशातून पाकीट काढायला वाकडे होता. तिथे तीच सीट अंगावर येते. तेव्हा आधी तुमचा दिवस कसा जातो ते सांगा, सीट मग बघू.

बकेट आणि स्पोर्ट सीट यांत फरक काय?

बकेट म्हणजे एकसंध कवच: पाठ आणि बसायचा भाग एकच, पाठ मागे-पुढे होत नाही. कवच फायबरचं, कार्बनचं किंवा लोखंडी पाइपच्या सांगाड्याचं असतं. स्पोर्ट सीट, जिला आपल्याकडे ‘रिक्लायनिंगवाली’ म्हणतात, तिला बाजूचे उंचवटे असतात पण पाठ लिव्हरने किंवा गोल नॉबने मागे जाते. रोज चालवायच्या, घरातल्या चार माणसांच्या गाडीला आम्ही दुसरीच सुचवतो. बकेटचा हट्ट असेल तर आधी पुढचे सगळे प्रश्न वाचा.

माझ्या मापाची सीट कशी ओळखू? ऑनलाइन मागवली तर चालेल?

सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. शर्टासारखं मीडियम-लार्ज बघून सीट घेऊ नका, आणि वजनावरून तर मुळीच नको. ऐंशी किलोचा रुंद खांद्यांचा पण बारीक कमरेचा माणूस ज्या सीटमध्ये मजेत बसतो, त्याच सीटमध्ये सत्तर किलोचा रुंद कमरेचा माणूस अडकतो.

घरीच माप घ्या. कडक लाकडी स्टुलावर ताठ बसा. कुणाला तरी दोन जाड पुस्तकं तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, मांडीचं हाड जिथे बाहेर येतं तिथे, उभी टेकवायला सांगा. दाबायची नाहीत, नुसती टेकवायची. मग उठा आणि पुस्तकांमधलं अंतर टेपने मोजा. हे तुमचं कमरेचं माप. सीट बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्त्यात आतली रुंदी दिलेली असते, ती या मापापेक्षा दोनेक सेंटिमीटर जास्त हवी. जीन्सच्या खिशातलं पाकीट आणि किल्ल्या काढून मोजा. त्या खिशात ठेवून गाडी चालवायची सवय असेल तर तीही सोडावी लागेल. बकेटमध्ये मागच्या खिशातलं पाकीट म्हणजे एका बाजूने पाचर ठोकून बसणं.

दुसरं माप खांद्यांचं. काही सीटना खांद्यापाशी पुढे आलेले पंख असतात. ते रुंद खांद्यांना पुढे ढकलतात, आणि माणूस दिवसभर आखडून बसल्यासारखा होतो. तिसरं, मांडीची लांबी. सीटची कड गुडघ्याच्या मागच्या खोबणीत रुतता कामा नये. तिथे तीन-चार बोटं जागा राहिली पाहिजे, नाहीतर क्लच दाबताना मांडीखालची शीर दबते आणि पाय मुंग्या धरतो.

म्हणून ऑनलाइन मागवायची असेल तर आधी कुणाच्या तरी गाडीत त्याच मॉडेलच्या सीटवर अर्धा तास बसून बघा. पाच मिनिटांत काही कळत नाही. टोचणारी जागा वीस मिनिटांनंतर सापडते.

सीट मापाची आहे, तरी कंबर दुखते. का?

बहुतेक वेळा बसवण्यात गडबड असते. बकेटची पाठ मागे-पुढे होत नाही, त्यामुळे ती कुठल्या कोनात बसवली त्यावर सगळं अवलंबून. दोन्ही बाजूंना जे लोखंडी साइड माउंट असतात, त्यांना वरखाली बरीच भोकं असतात. पुढचा बोल्ट एक भोक वर आणि मागचा एक भोक खाली घेतला की अख्खी सीट मागे कलते, मांड्या वर उचलल्या जातात. एका भोकाचा फरक बाहेरून दिसत नाही, पण बसणाऱ्याला लगेच कळतो. ‘बोल्ट शेवटचे आवळण्याआधी गाडी एक फेरी मारून आणा’ असं कुणी गॅरेजवाला म्हणाला, तर तिथून निघा. अर्धवट आवळलेल्या सीटवर गाडी रस्त्यावर न्यायची नसते. कोन जागेवरच, गाडी उभी असताना, दोन-तीनदा बदलून ठरवायचा. दरवेळी पूर्ण आवळायचं आणि मग चालवून बघायचं.

बसण्याची पद्धत अशी तपासा. पाठ सीटला पूर्ण टेकलेली असताना हात सरळ पुढे केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं, कारण एअरबॅगला उघडायला तेवढी जागा लागते. आणि डोक्यावर छताला मूठभर जागा.

आपल्याकडची आणखी एक खोड म्हणजे सीट जमिनीला चिकटवणे. फोटोत भारी दिसतं. पण नितंब खाली आणि पेडल वर असं झालं की मांड्या हवेत राहतात, सगळं वजन माकडहाडावर येतं, आणि बुटक्या माणसाला बॉनेटच दिसेनासं होतं. इतवारीच्या गल्लीत समोरून हातगाडी आली की मग मान उंचावून चालवा.

खड्ड्यांत काय होतं? आणि सिमेंट रोडवर?

माणसाच्या शरीराला उभ्या दिशेतली थरथर साधारण ४ ते ८ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांना, सर्वांत जास्त जाणवते. कंपनीच्या सीटचा जाड फोम आणि खालची स्प्रिंगची जाळी मिळून यापेक्षा भराभर येणारी थरथर बऱ्यापैकी खाते. फायबरच्या कवचावर दोन-तीन सेंटिमीटरच्या गाद्या चिकटवलेल्या असतात, त्या असं काही खात नाहीत. रस्त्यावर जे आहे ते थेट वर येतं.

गंमत अशी की मोठा खड्डा दोन्ही सीटवर सारखाच लागतो, तो सस्पेन्शनचा मामला आहे. फरक पडतो तो बारीक, सतत येणाऱ्या गोष्टींनी. शहरातल्या सिमेंट रोडवर दर काही मीटरला जोड असतो, त्याचा ‘टक-टक-टक’ बकेटमध्ये पाठीच्या कण्यावर मोजता येतो. ज्यांनी आधीच स्प्रिंग कापून गाडी खाली केली आहे आणि टायर कमी उंचीचे घातले आहेत, त्यांनी बकेट घालण्याआधी सस्पेन्शन ठीक करावं. कडक स्प्रिंग, कडक टायर आणि कडक सीट या तिन्हींत एक तरी मऊ ठेवा.

उपाय म्हणून लोक वर उशी ठेवतात. ठेवू नका. उशी सरकते, आणि अपघातात माणूस बेल्टखालून पुढे घसरतो. गादी काढून तिच्या जागी जास्त घनतेचा, चाळीस डेन्सिटीचा फोम कापून बसवता येतो. सीट मेकरकडून ते करून घ्या. एक सेंटिमीटरही पुरतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात ही सीट झेपते का?

खरा प्रश्न हाच. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. मे २०२४ मध्ये ५६ अंशांची बातमी देशभर फिरली होती, पण तो सेन्सरचा घोटाळा निघाला. खऱ्या आकड्यावरही आपलं भागतं.

काळ्या रेक्झिनची सीट उन्हात उभ्या गाडीत दुपारी दोनला हात लावू देत नाही. त्यातून बकेट तीन बाजूंनी अंग धरते, म्हणजे पाठ, बरगड्या आणि मांड्यांची बाजू, सगळीकडे घाम. फायबरच्या कवचातून हवा अजिबात जात नाही. कंपनीच्या सीटमध्ये निदान फोमच्या आत मोकळी हवा असते. आणि ज्यांच्या गाडीत थंड हवेचा पंखा असलेली व्हेंटिलेटेड सीट कंपनीकडूनच आली आहे, त्यांनी ती काढून बकेट लावणं म्हणजे नवतप्यात कूलर विकण्यासारखं आहे. आमच्याकडे असं गिऱ्हाईक आलं की आधी चहा पाजतो आणि घरी पाठवतो.

तरी घ्यायचीच असेल तर कापडी घ्या. जाळीदार कापड किंवा वेलूर, म्हणजे मखमलीसारखं कापड. वेलूर थोडं गरम वाटतं, पण चटका देत नाही आणि घाम शोषतं. लेदरसारखं दिसणारं रेक्झिन टाळा. रंग राखाडी किंवा फिका असेल तर उत्तम. कवचाच्या खाली आणि पाठीला, पट्ट्यासाठी जी भोकं असतात ती झाकणाने बंद करू नका, तेवढीच हवा. उन्हात गाडी लावताना समोरच्या काचेला पडदा लावा, सीटवर पांढरा दुपट्टा टाका. गाडी सुरू केल्यावर आधी काचा खाली करून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी. बकेटमध्ये पाठीला एसीची हवा लागत नाही, ही तक्रार सगळ्यांची असते आणि तिला इलाज नाही.

समृद्धीवर लांब जायचं असतं. तिथे चालेल ना?

समृद्धी ७०१ किलोमीटरचा आहे, ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला, आणि गाड्यांना १२० ची मर्यादा आहे. घाटाचा शेवटचा तुकडा सोडला तर रस्ता सरळसोट. बकेटचा मुख्य गुण म्हणजे वळणावर धरून ठेवणं, आणि इथे वळणच नाही. उलट सरळ रस्त्यावर माणूस सतत थोडी थोडी हालचाल करत असतो, कधी एका कुशीवर, कधी पाय लांब, आणि तीच हालचाल रक्ताभिसरण चालू ठेवते. बकेट ती करू देत नाही. म्हणून दीड-दोन तासांनी थांबून उतरणं सक्तीचं समजा. हे तसं कुठल्याही सीटला लागू आहे, कारण त्या रस्त्यावर झोप डोळे उघडे असतानाच लागते.

महिन्यातून दोनदा मुंबई-नाशिक करणाऱ्याने रिक्लायनिंग सीट घ्यावी. पाठ दोन अंश मागे-पुढे करता येणं हीच तिथली चैन आहे.

घरी आई-बाबा आहेत. त्यांना बसता-उठता येईल?

खरं सांगायचं तर कष्टाने. बकेटच्या बाजूच्या भिंती मांडीइतक्या उंच असतात. साडी नेसलेल्या बाईला ती भिंत ओलांडणं अवघड, गुडघेदुखीच्या माणसाला त्याहून. बसताना आधी पाठ करून भिंतीच्या पलीकडे बसायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. उठताना आधी पाय बाहेर, मग दाराच्या चौकटीला धरून उठायचं. तरुण पोरंसुद्धा ही पद्धत न वापरता कडेवर बूड घासत उतरतात, आणि ड्रायव्हरच्या दाराकडची भिंत वर्षाच्या आत फाटते. सेकंड हँड सीट घेताना तीच भिंत आधी बघा.

सोपा मार्ग असा: बसवायचीच तर ड्रायव्हरची एकच बसवा, शेजारची कंपनीची राहू द्या. दिसायला विजोड वाटतं, पण घरात शांतता राहते. गाडी घरातली दुसरी व्यक्तीही चालवत असेल तर स्लायडर लागतोच, आणि लक्षात ठेवा की स्लायडर फक्त पुढे-मागे नेतो. उंची कमी-जास्त होत नाही.

मागे बसणाऱ्यांचं काय?

याचा विचार कुणी करत नाही. कंपनीच्या सीटची पाठ मागून मऊ असते, मागच्या माणसाचा गुडघा किंवा डोकं तिच्यावर आपटलं तर ती थोडी दबते. फायबरच्या कवचाची पाठ दगडासारखी. मागे लहान मूल बसत असेल तर हा मुद्दा मोजाच. तीन दारांच्या थारमध्ये तर मागे जायला पुढची सीट दुमडावी लागते. तिथे बकेट लावली की मागच्या सीटवर माणसांऐवजी सामान ठेवायचं.

एअरबॅग असलेल्या गाडीत ही सीट बसवता येते?

१ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग आणि समोरच्या दोघांसाठी बेल्टची आठवण देणारा बझर सक्तीचा झाला. शेजारच्या माणसाची एअरबॅग त्यानंतर आली. या समोरच्या दोन्ही एअरबॅग स्टिअरिंगमध्ये आणि डॅशबोर्डमध्ये असतात, सीटशी त्यांचा थेट संबंध नाही. पण सहा एअरबॅगच्या गाडीत बाजूच्या दोन बहुतेक वेळा समोरच्या सीटच्या पाठीत शिवलेल्या असतात. ती सीट काढली की ती एअरबॅग गेली. शिवाय शेजारच्या सीटखाली माणूस बसला आहे का ते ओळखणारा सेन्सर असतो, आणि बेल्टचं बकल पुष्कळ गाड्यांत सीटच्या सांगाड्यालाच जोडलेलं असतं.

सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला की हात मागे घ्या. पिवळा म्हणजे एअरबॅगची किंवा बेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेची वायर. बॅटरीची निगेटिव्ह काढून, कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबल्याशिवाय तो सोडवायचा नसतो, आणि टेस्टर किंवा मल्टिमीटर तर त्याला कधीच लावायचा नसतो. कनेक्टर सोडला की डॅशवर एअरबॅगचा दिवा लागतो. बाजारात रेझिस्टर जोडून तो दिवा विझवून देणारे आहेत. गाडीला वाटतं एअरबॅग आहे, आत मात्र नाही. आम्ही ते करत नाही. दिवा लागला तर लागू द्या, निदान गाडी खरं बोलते आहे.

आमचा सल्ला: सीटमध्ये एअरबॅग असलेल्या गाडीत रेसिंग सीट नकोच. जुनी एस्टीम, जिप्सी, पहिल्या पिढीची स्विफ्ट यांचा मामला वेगळा.

बेल्ट कंपनीचाच राहतो की चार पट्ट्यांचा लावायचा?

रस्त्यावर कंपनीचाच तीन बिंदूंचा. पण तो बकेटवर नीट बसतो का, हे तपासा, कारण आरामापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. कमरेचा पट्टा हाडावर, पोटाच्या खाली, घट्ट बसला पाहिजे. बकेटच्या उंच भिंतीवरून तो गेला तर मांडी आणि पट्टा यांत पोकळी राहते आणि अपघातात माणूस खालून घसरतो. चांगल्या सीटला बाजूला भोक असतं, बकल त्यातून आत घ्यायचं. बसल्यावर पट्टा आणि कंबर यांच्यात तळहात सहज फिरत असेल, तर सीट किंवा बकलची जागा चुकली.

चार-पाच-सहा पट्ट्यांचा हार्नेस रेसच्या गाडीत रोल केज (छताला आतून आधार देणारा पाइपांचा पिंजरा), हेल्मेट आणि मानेच्या आधारासोबत येतो. नुसता हार्नेस घातला तर गाडी उलटल्यावर छत खाली येतं आणि माणूस ताठ बांधलेला राहतो. शिवाय हार्नेस बांधून टी-पॉइंटला उजवीकडे वाकून बघता येत नाही. दुचाकीवाला कुठून येईल याचा नेम नसलेल्या शहरात ते परवडत नाही. खांद्यावरच्या पट्ट्यांची टोकं मागच्या सीटच्या बेल्टला बांधणारेही आहेत. त्यांना हात जोडतो.

ब्रॅकेट लोकल बनवून घेतला तर चालेल?

ब्रॅकेट म्हणजे सीट गाडीच्या फ्लोअरला धरून ठेवणारा धातूचा आधार. तो चालेल का, हे बनवणाऱ्यावर अवलंबून आहे. मोटरस्पोर्टसाठी एफआयए, म्हणजे गाड्यांच्या शर्यतींची जागतिक संस्था, तिचे नियम असे: सीट आधारांना चार ठिकाणी, आणि आधार गाडीला किमान चार ठिकाणी, कमीत कमी ८ मिलिमीटर बोल्टने. लोखंडी आधाराची जाडी किमान ३ मिलिमीटर, ॲल्युमिनियम मिश्रधातूचा असेल तर ५. रस्त्यावरच्या गाडीला हे कायद्याने लागू नाही, पण आम्ही याच्या खाली जात नाही.

कंपनीच्या मूळ चार भोकांवरच ब्रॅकेट बसला पाहिजे. नवीन भोक पाडायला फ्लोअरवर ड्रिल घेऊन कुणी आलं, तर आधी खाली काय आहे ते विचारा. होंडाच्या जाझमध्ये पेट्रोलची टाकी समोरच्या सीटखाली असते. इलेक्ट्रिक गाडीत तिथे बॅटरी असते. हार्डवेअरच्या दुकानातले साधे बोल्ट नकोत. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेले हाय टेन्साइल घ्या आणि वायसर मोठे घ्या. बसवल्यानंतर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून घ्या. नवीन सीटमधून ‘किट-किट’ आवाज येतो तो निम्म्या वेळा इथूनच.

आरटीओ पकडेल का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. समोरच्या एका सीटच्या जागी दुसरी सीट लावली म्हणून कुणी चौकात अडवत नाही. पण मागची सीट काढून टाकली तर आरसीवरची आसनसंख्याच चुकते, तिथे बोलायला जागा उरत नाही. बेल्ट किंवा एअरबॅग निकामी केली असेल तर अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर ती नेमकी शोधतो. बदल विमा कंपनीला लेखी कळवा, आणि उत्तर जपून ठेवा. गाडी एमएच ३१ ची असो, ४९ ची की ग्रामीणची ४०, पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणीच्या तपासणीला जाताना कंपनीचीच सीट लावून जा.

कॉपी सीट ओळखायची कशी? सेकंड हँड घ्यावी का?

रेकारो मूळची जर्मनीची, स्पार्को आणि ओएमपी इटलीच्या, ब्राइड जपानची. यांची खरी सीट आयात शुल्कासकट चांगलीच महाग पडते. त्याच नावाची जोडी काही हजारांत मिळत असेल तर नाव खोटं आहे. खऱ्या स्पर्धा-सीटच्या कवचावर एफआयएचं लेबल, मानकाचा क्रमांक आणि बनवल्याची तारीख असते. ८८५५-१९९९ मानकाच्या सीटची मुदत पाच वर्षं, ८८६२-२००९ ची दहा. रस्त्यासाठी मुदत बंधनकारक नाही, पण वय कळतं.

मुंबईत कुर्ल्याला जपानी गाड्यांच्या सीट येतात. तिथून घेताना गाद्या आणि कापड काढून कवच बघा. बाजूच्या बोल्टच्या भोकांभोवती पांढऱ्या केसासारख्या रेषा असतील तर आतला फायबर फुटला आहे. नाण्याने टकटक करत सगळीकडे फिरा. टणक आवाजाच्या मधेच कुठे बद्द आवाज आला की ती सीट सोडा. वरून रंग मारलेलं कवच घेऊच नका. रंग कशासाठी मारला, हे विकणारा सांगणार नाही.

मला सायटिका आहे. बकेट घेतल्याने बरं वाटेल म्हणतात.

हाडांच्या डॉक्टरांना विचारा, गॅरेजवाल्याला विचारू नका. आम्ही एवढंच सांगतो की कमरेचा उंचवटा कमी-जास्त करता येणारी रिक्लायनिंग सीट मिळते आणि ती बकेटपेक्षा सुरक्षित निवड आहे.

कमी खर्चात काही होत नाही का?

होतं, आणि दहातल्या सात गिऱ्हाइकांचं समाधान इथेच व्हायला हवं. पाच-सहा वर्षांच्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटचा फोम बसलेला असतो, खालची जाळी सैल झालेली असते. चांगला सीट मेकर कव्हर उतरवतो, जाळीच्या स्प्रिंग बदलतो, मांडीखाली आणि कमरेच्या बाजूंना जास्त घनतेचा फोम चिकटवून पुन्हा शिवतो. एका दिवसाचं काम. सीट तीच, एअरबॅग तीच, बेल्ट तोच, आणि घाटात अंग धरलेलं. एकच पथ्य: सीटच्या बाजूला ‘एअरबॅग’ असा टॅग असेल तर त्या शिवणीला हात लावायचा नाही आणि त्यावरून घट्ट कव्हर ओढायचं नाही. एअरबॅग तीच शिवण फाडून बाहेर येते.

काढलेल्या कंपनीच्या सीटचं काय करू? विकू का?

विकू नका. गाडी विकताना गिऱ्हाईक तीच मागेल, पुनर्नोंदणीला तीच लागेल, आणि बायको पहिल्याच उन्हाळ्यात तीच परत लावायला सांगेल. गच्चीवर ठेवू नका, पावसात स्लायडर गंजतो. सीट जुन्या चादरीत गुंडाळून उभी ठेवा. पिवळा कनेक्टर असलेली सीट मात्र आदळू-आपटू नका. चारही बोल्ट, वायसर आणि स्लायडरवरची प्लास्टिकची झाकणं एका पिशवीत घालून ती पिशवी सीटच्याच लिव्हरला बांधा. झाकणं वेगळी विकत मिळता मिळत नाहीत.